पाठीमागचा झेल

डिस्क, म्हणजे फ्रिस्बीची चकती, पाठीमागे झेलायची तर आधी तिच्याकडे पाठ वळवावी लागते. ऐकायला सरळ वाटतं, पण माझ्या अंगात उतरायला तीन आठवडे लागले. भाची मैदानाच्या त्या टोकाकडून चकती सोडायची. मी तिच्याकडे तोंड करून उभी, डोळे चकतीवर रोवलेले, उजवा हात कमरेमागून वळसा घेऊन डाव्या कुशीतून बाहेर काढलेला. चकती यायची, बोटांच्या पाठीवर टक्कन आपटायची आणि गवतात जाऊन पडायची.

"मावशी, तू वळतच नाहीस," ती लांबून ओरडायची. "हाताचं सोड, पाय वळव. डावा खांदा माझ्याकडे आण."

"वळले तर दिसणार कशी?"

"शेवटी नाहीच दिसायची."

हे शेवटचं उत्तर मला पटत नव्हतं. झेलताना नजर हलवायची नाही, हे लहानपणापासून प्रत्येक चेंडूबरोबर ऐकत आलेले. डोळे हटले की झेल सुटलाच. आणि इथे ही वीस वर्षांची मुलगी मला सांगत होती की न बघता झेल.

पण हात पाठीमागे नेऊन पाहिला की तिचं म्हणणं कळतं. बोटं डावीकडे रोखलेली असतात, तळवा मागे उघडलेला असतो. समोरून येणाऱ्या चकतीला अशा वेळी फक्त बोटांची पाठ भेटते, तिने शिरायचं कुठे? आता पावलं उजवीकडे वळवायची, म्हणजे डावा खांदा फेकणाऱ्याच्या दिशेला येतो. हात होता तिथेच आहे, पण अंगठा आणि बोटं यांच्यामधली फट आता थेट चकतीच्या वाटेवर उघडते. मान डाव्या खांद्यावरून वळवून ती येताना बघता येते, अगदी हाताच्या अंतरापर्यंत. मग ती आपल्याच अंगाआड जाते. पुढचं जे काही घडतं ते पाठीमागे, आणि तिथे डोळे नसतात.

त्या अंगाआडच्या तुकड्याची मला भीती वाटायची. ती कमी झाली ती एका साध्या हिशोबाने. डोळ्यांना काही दिसल्यापासून त्यावर हात हलेपर्यंत माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. मैत्रीने टाकलेली डिस्क सेकंदाला दहा मीटर या वेगाने येत असेल, तर तेवढ्या वेळात ती दोन मीटर पुढे आलेली असते. म्हणजे समोरून, डोळे फाडून, दोन्ही हातांनी झेलतानासुद्धा शेवटच्या दोन मीटरांत मी जे बघते ते हाताच्या फारसं उपयोगाचं नसतं. हात निघालेला असतो तो आधीच्या बघण्यावर. शेवटचा तुकडा मी कायम न बघताच झेलत आले होते, फक्त समोर दिसत असल्यामुळे ते कधी कळलं नव्हतं.

त्या दिवसानंतर मी बघायची जागा बदलली. चकती जवळ येताना तिच्यावर डोळे खिळवण्याऐवजी ती हातातून सुटतानाच नीट बघायला लागले. कड किती कललेली आहे, नाक, म्हणजे पुढची कड, वर आहे की खाली, गिरकी दाट आहे की सैल, डगमगते आहे का. पहिल्या काही मीटरांतच चकती आपलं बहुतेक सगळं सांगून टाकते. पुढच्या वाटेत वाऱ्याची एखादी झुळूक सोडली तर नवीन बातमी फारशी नसते.

असला प्रकार चेंडूत एवढा का रुजला नाही, याचा मी बराच विचार केला. चेंडूही लोक पाठीमागे झेलतात, पण तो बाजूचा खेळ आहे. डिस्कमध्ये मात्र तेच एक अख्खं शास्त्र होऊन बसलंय. कारण चेंडू हातातून सुटला की वर जाणार आणि खाली पडणार, त्याला हवेशी फार बोलायचं नसतं. चकती हवेवर टेकते. पुढे जाताना तिच्या घुमटाकार अंगाला हवेचा आधार मिळतो, आणि गिरकीमुळे ती आपली पातळी धरून राहते, भोवऱ्यासारखी. गिरकी नसेल तर हाच आधार तिचं नाक वर उचलून तिला उलटी करून टाकतो. गिरकी असली की तोच धक्का तिला एका बाजूला हळूच कलवतो. उजव्या हाताने पोटाजवळून मागून पुढे टाकलेली डिस्क वेग ओसरला की फेकणाऱ्याच्या डावीकडे झुकते, म्हणजे समोर उभ्या असलेल्या माझ्या उजवीकडे. आणि वेग ओसरल्यावरही ती लगेच पडत नाही. क्षणभर तरंगते. सगळे करामती झेल त्या तरंगण्यात आहेत. ती थांबते म्हणून माणसाला वळायला, पाय उचलायला, गिरकी घ्यायला वेळ मिळतो.

हे तरंगणं ध्यानात ठेवून ज्याने त्याचा धंदा केला तो अमेरिकेतला फ्रेड मॉरिसन. १९३७ च्या सुमारास तो आणि त्याची पुढे बायको झालेली ल्यूसिल पॉपकॉर्नच्या डब्याचं झाकण एकमेकांकडे भिरकावत होते, मग केकचा पत्रा. सांता मोनिकाच्या समुद्रकिनाऱ्यावर कुणीतरी तो पाच सेंटचा पत्रा पंचवीस सेंटला मागितला, आणि धंद्याची कल्पना तिथे सुचली. मधे महायुद्ध आलं, मॉरिसन लढाऊ विमानं चालवून आला. १९४८ साली प्लॅस्टिकची चकती निघाली, १९५५ साली तिचं सुधारलेलं रूप, आणि १९५७ साली 'व्हॅम-ओ' कंपनीने ती घेतली. फ्रिस्बी हे नाव मात्र ब्रिजपोर्टच्या एका बेकरीच्या पत्र्यांवरून आलं, ती 'पाय' हा सारण भरलेला पदार्थ बनवायची. मला या सगळ्यात ते झाकण सर्वांत आवडतं. दोन माणसं, मधे हवा, आणि काहीतरी गोल.

आता खांद्याबद्दल सांगायला हवं, कारण पाठीमागच्या झेलाचा हट्ट तिथून आला.

हा झेल शिकायला लागले त्याच्या दोन वर्षं आधी माझा उजवा खांदा आखडला. फ्रोझन शोल्डर. चाळिशी ते साठीच्या दरम्यान येतो, बायकांना जास्त. पहिले काही महिने नुसतं दुखणं, मग दुखणं कमी पण खांदा कुलूप लावल्यासारखा बंद, आणि मग फार सावकाश सुटणं. त्यात पहिल्यांदा ज्या हालचाली जातात त्यांतली एक म्हणजे हात पाठीमागे नेणं. फिजिओथेरपिस्ट त्याचं मोजमाप अंगठ्यावर करायच्या. हात मागे न्यायचा आणि अंगठा पाठीच्या कण्यावर कुठवर चढतो ते बघायचं. निरोगी माणसाचा अंगठा दोन खवाट्यांच्या मधे सहज पोचतो. माझा एका टप्प्यावर खुब्याच्या पुढे जात नव्हता. केस बांधणं, ब्लाउजची बटणं, पाठीला साबण लावणं, या सगळ्या गोष्टी आपण न बघता करतो हे मला तेव्हा कळलं. आंघोळीच्या वेळी डाव्या हाताने उजव्या पाठीपर्यंत पोचायचा प्रयत्न करताना माझ्या शरीराचा एक अख्खा प्रदेश परका झाल्यासारखा वाटायचा. तो माझा होता, पण तिथे मला जाता येत नव्हतं.

रोज टॉवेलचा व्यायाम होता. चांगल्या हाताने टॉवेल खांद्यावरून मागे सोडायचा, दुखऱ्या हाताने खालून धरायचा, आणि वरून हळूहळू ओढायचं. अंगठा कण्यावर एकेक मणका चढत गेला. वर्षभराने तो कमरेच्या वर आला आणि तिथे रेंगाळला. दुखणं संपलं होतं, पण हात मागे नेताना मी श्वास धरायची. खांदा सुटला होता, मी सुटले नव्हते.

भाची तेव्हा सुट्टीत आली होती. ती कॉलेजात अल्टिमेट हा डिस्कचा सांघिक खेळ खेळते, १७५ ग्रॅमची पांढरी डिस्क तिच्या पिशवीत कायम असते. संध्याकाळी तिला कुणीतरी समोर हवं होतं, म्हणून मी गेले. फिजिओथेरपिस्टना आधी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, दुखलं की थांबा, ओढाताण नको, बाकी खुशाल खेळा. पहिल्या दिवशी दोन्ही तळव्यांमध्ये, वरून एक खालून एक, टाळी वाजवल्यासारखी झेलत राहिले. मग तिने एका हाताचं शिकवलं. छातीच्या वर आली तर अंगठा खाली आणि बोटं वर, कमरेच्या खाली आली तर उलट. मधल्या पट्ट्यात कोणतंही चालतं, आणि म्हणूनच तिथे माणूस गोंधळतो.

तिसऱ्या दिवशी तिने सहज, बोलता बोलता, मी टाकलेली चकती पाठीमागे झेलली. मी जागच्या जागी उभी राहिले. हात मागे नेणं म्हणजे माझ्यासाठी टॉवेल, दात घट्ट आवळणं, भिंतीवरचं घड्याळ. तो हात असा मजेत मागे जातो आणि काहीतरी घेऊन परत येतो, हे मी पहिल्यांदाच बघत होते.

"हे मला शिकव," मी म्हटलं.

तिने थेट पाठीमागचा झेल दिला नाही, आणि बरं केलं. आधी पायाखालचा. समोरून येणाऱ्या खालच्या चकतीसाठी गुडघा उचलायचा आणि मांडीखालून हात घालायचा. यात चकती जवळजवळ शेवटपर्यंत दिसते, अवघड असतो तो तोल. पाय लवकर उचलला तर डुलायला होतं, उशिरा उचलला तर चकती नडगीवर बसते. मग डोक्यामागचा. कोपर वर, हात मानेमागून पलीकडच्या कानाशी. इथे चकती डोळ्यांच्या पातळीला येऊन शेवटच्या क्षणी नजरेबाहेर सरकते. या झेलाचा माझ्या खांद्याला त्रास व्हायचा, म्हणून तो आम्ही बाजूला ठेवला आणि अजूनही तो माझ्याकडे धड नाही. फ्लेमिंगो नावाचा एका पायावरचा झेल तिने करून दाखवला. मी फक्त बघितला.

फ्रीस्टाइल हा या करामतींचा स्वतंत्र खेळ आहे. १९७४ साली टोरंटोत त्याची पहिली स्पर्धा झाली. केन वेस्टरफील्ड आणि जिम केनर हे त्यामागचे खेळाडू. त्यात काठिण्य, सफाई आणि कलात्मकता अशा तीन अंगांनी गुण देतात. चकती बोटाच्या टोकावर, खरं तर नखावर, मधोमध फिरत ठेवायची, तिथून अंगावरून घरंगळत न्यायची, आणि शेवटी एखाद्या अशक्य जागी झेलायची. नखावर घर्षण होऊन गिरकी मरू नये म्हणून खेळाडू खोटी नखं लावतात, चकतीच्या पोटाला सिलिकॉनचा फवारा मारतात. या सगळ्या खटाटोपात मला त्या जाणकारांचं एक फार पटतं: झेल कितीही सुंदर असला तरी चकती सुटली तर सफाईचे गुण जातात. देखणेपणाला झेल सुटल्याची सूट नाही.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला गट्स. पाच पाच जणांचे दोन संघ, मधे १४ मीटर, आणि चकती जिवाच्या आकांताने समोरच्यांवर फेकायची. झेल एकाच हाताने, स्वच्छ. तिथे तरंगणं नाही, वळायला वेळ नाही. तिथल्या धाडसाबद्दल मला आदर आहे, पण माझा जीव त्यात नाही. मला ती थांबलेली चकती हवी असते.

हाताचा एक धडा मात्र मला कुणी शिकवला नाही, बोटांनीच शिकवला. एका हाताने समोर झेलताना उजव्या कडेला धरलेली डिस्क बोटांतून निसटायची, डावीकडची अलगद बसायची. कितीतरी दिवस मला वाटलं, हा माझ्या आखडलेल्या खांद्याचाच दोष. मग लक्षात आलं की भाची उजव्या हाताने टाकते, तिची चकती वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. म्हणजे माझ्या उजवीकडची कड माझ्याकडे धावत येते आणि डावीकडची कड माझ्यापासून मागे सरकत असते. सेकंदाला दहा मीटरने येणारी, सेकंदाला सहा गिरक्या घेणारी साधारण २७ सेंटिमीटर रुंद चकती धरली, तर तिची कड गिरकीमुळे सेकंदाला पाचेक मीटरने फिरते. एका बाजूला हे पाच दहात मिळतात, दुसऱ्या बाजूला दहातून वजा होतात. पंधरा आणि पाच. एकाच चकतीची एक कड दुसरीपेक्षा तिप्पट वेगाने हातावर येते. तेव्हापासून मी उजवीकडे येणाऱ्या चकतीसाठी हात थोडा मागे नेत, तिच्या वेगाला वाट देत झेलते. खांद्यावर उगाच आळ घेतला होता.

सुट्टी संपली, भाची गेली, डिस्क ठेवून गेली. "वाऱ्यावर टाक, परत येते," जाताना म्हणाली.

वाऱ्यावर टाकणं हा एकट्या माणसाचा मोठाच आधार आहे. तोंडावर वारा घ्यायचा, चकती पुढे आणि वर, नाक किंचित उचलून, भरपूर गिरकी देऊन सोडायची. ती वर चढते, थांबते, आणि वारा तिला ढकलत परत आणतो. यावरही स्पर्धा आहे: किती वेळ हवेत राहिली ते मोजतात, फेकणाऱ्यानेच ती एका हाताने झेलायची असते. १९८४ साली डॉन केनने ती १६.७२ सेकंद हवेत ठेवून झेलली. माझी तीन-चार सेकंद राहते. तेवढ्यात मी बघून घेते, पावलं मोजते, डावा खांदा वळवते, हात मागे नेते.

रोज सकाळी अर्धा तास. बहुतेक वेळा चुकायचं. चकती दंडावर बसायची, कमरेवर बसायची, हातभर लांबून जायची. चुकीची तऱ्हा हळूहळू बदलत गेली, तेवढंच मी लिहून ठेवायची. आधी ती बोटांच्या पाठीवर आपटत होती, मग बोटांच्या टोकांना लागायला लागली. मग एके दिवशी तळव्याला लागली आणि सुटली. सुटली कारण बोटं मिटायला उशीर झाला, आणि उशीर झाला कारण ती तिथे असेल यावर माझा विश्वास नव्हता. हात जागेवर होता, मीच अजून टॉवेलच्या व्यायामात होते, श्वास धरून. त्यानंतर मी हात मागे नेताना श्वास सोडायचा असं ठरवलं. दुसरं काहीही बदललं नाही.

डिस्कच्या वरच्या अंगावर बोट फिरवलं की बारीक कडी लागतात. १९६४ च्या सुमारास व्हॅम-ओमधल्या एड हेड्रिकने त्या आणल्या आणि चकतीचं उडणं थाऱ्यावर आलं. हा माणूस चकतीवर इतका जडला होता की २००२ साली तो गेल्यावर त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची थोडी रक्षा डिस्कच्या प्लॅस्टिकमध्ये मिसळून चकत्या केल्या. टाकण्यापूर्वी अंगठा त्या कड्यांवर ठेवते तेव्हा कधीकधी त्याची आठवण होते.

तो दिवस वाऱ्याचा होता, पण एकसारख्या वाऱ्याचा. चकती सोडली तेव्हाच कळलं होतं की ती नीट आहे. चढली, थांबली, उजवीकडे थोडी झुकून परत फिरली. दोन पावलं बाजूला सरकले, वळले, डाव्या खांद्यावरून तिला बघत राहिले. मग ती अंगाआड गेली. श्वास सोडला. तळव्यात काहीतरी थंड येऊन फिरलं आणि थांबलं.

एवढंच कळलं. आवाज अगदी लहान, पुस्तक मिटल्यासारखा. हात तसाच मागे ठेवून मी उभी राहिले. मग अंगठ्याने चाचपून पाहिलं. कड होती. हात पुढे आणला तेव्हा तो इतका सहज पुढे आला की खांद्याचं नावसुद्धा मनात आलं नाही, ते नंतर घरी येताना आलं. मैदानावर दुसरं कुणी नव्हतं. तो झेल कुणीच पाहिला नाही, मीही नाही.

रात्री भाचीला फोन केला. तिने पहिलं विचारलं ते, "कितीदा?"

"एकदा."

"मग उद्या पुन्हा. आणि मावशी, डाव्या हाताने सुरू केलंस का?"

डाव्या हाताने झेलायचं तर उजवा खांदा पुढे वळवावा लागतो आणि पावलं उलटी पडतात. माझी चकती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत परत येते, तेव्हा या बाजूला ती झुकत झुकत येणार. म्हणजे आणखी एक पाऊल उजवीकडे. आज सकाळी ती तीनदा माझ्या कोपरावर बसली.